भांडणाची शिकवणी

माझ्या आयुष्यातल्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला गेला. "मॅडम, या हप्त्यात कोणासंग भांडल्या तुमी?"

मी मांडीवर फाइल घेऊन बसले होते. एम.ए. इंग्रजीची मार्कलिस्ट, बी.एड.चं सर्टिफिकेट, कॉलेजातल्या मॅडमनी दिलेलं चांगल्या वर्तणुकीचं पत्र, सगळं नीट लावून आणलं होतं. समोरच्या गृहस्थांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी म्हणाले, "कोणाशीच नाही, सर. माझं कोणाशी भांडणच होत नाही."

"मंग तुमी इंग्रजी शिकवणार कशी?" त्यांनी खरोखरच काळजीच्या सुरात विचारलं.

मला राग आला. हिंगणघाटहून एसटीत उभ्याने आले होते, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, आणि हा माणूस माझं इंग्रजीतलं एक वाक्य न ऐकता मला नापास करत होता. माझं तोंड पाहून ते मात्र एकदम खूश झाले. खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "आला ना राग? हां, आता बोला. जे मनात हाये ते सारं इंग्रजीत बोला."

मी काय बोलले ते आज आठवत नाही. बरंच काही बोलले असणार, कारण खालच्या दुकानातला एक माणूस जिन्यापर्यंत येऊन डोकावून गेला. शेवटी ते म्हणाले, "ग्रामर मस्त हाये तुमचं. आवाज लहान हाये. उद्यापासून येजा."

तर अशी मी इंग्रजीची खाजगी शिक्षिका झाले. वर्ध्यात आर्वी नाक्यापासून जरा आत एक हार्डवेअरचं दुकान आहे. त्याच्या वरच्या खोलीत हा वर्ग भरायचा. सरांना सगळं गाव टीसी सर म्हणायचं, कारण निवृत्त होईपर्यंत ते रेल्वेत तिकीट तपासनीस होते. नागपूर ते भुसावळ आणि भुसावळ ते नागपूर, अशी पस्तीस वर्षं. शिक्षण बारावी. इंग्रजी त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. एसी डब्यातली भांडणं सोडवता सोडवता ते त्यांनी आपोआप उचललं होतं.

"पॅसेंजर मराठीत सुरू होते, हिंदीत चढते, अन् लयच तापला का इंग्रजीत येते," ते सांगायचे. "पस्तीस साल मी हेच ऐकलं. माणूस खरं कवा बोलते? त्याच्या सीटवर दुसरा बसला तवा."

झालं, एवढ्यावर त्यांनी शिकवणी उभी केली होती. पुस्तक नाही, फळा होता पण त्यावर कोणी तरी कधीकाळी काढलेलं गुलाबाचं फूल तसंच होतं. प्रत्येकाने आठवड्याला एक भांडण घेऊन यायचं आणि ते वर्गात इंग्रजीतून भांडायचं. भांडण स्वतःचं पाहिजे, त्याच आठवड्यातलं पाहिजे, बनवलेलं चालणार नाही. आणि खरी गोम पुढेच होती. ज्याचं भांडण असेल त्याने समोरच्याची बाजू घ्यायची. सासूशी भांडली असेल तर सुनेने सासू व्हायचं, आणि सुनेची बाजू वर्गातलं दुसरं कोणी तरी लढवणार.

मी पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, असं उलटं काऊन?"

"आपली बाजू तर आपल्याले पाठच राह्यते, मॅडम. पाठ केलेलं बोलणं म्हणजे काय बोलणं होय? दुसऱ्याचं बोलाले गेलं का डोकं चालवा लागते, अन् डोकं चाललं का शब्द येते." मग जरा थांबून, "गाडीत मी हेच करो. एका बर्थवर दोघं भांडून राह्यले का म्हणो, तू याचं सांग, अन् तू त्याचं सांग. अर्धे भांडणं तिथंच बसत."

ज्याच्याजवळ उत्तर उरत नाही तो हरला. आणि समोरच्याची बाजू जिंकली, तर भांडण आणणाऱ्याने आठ दिवस तसं वागून पाहायचं. बस, एवढेच नियम.

सर दिसायला किरकोळ होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. पण उभे राहायचे ते पाय फाकवून, गुडघे जरासे सैल सोडून, एक हात दाराच्या चौकटीला. खोली आता कोणत्याही क्षणी हिसका देईल अशा तयारीत. बाकांमधून जातानाही एकेका बाकाला हात लावत जायचे. मी नवीन असताना मला वाटलं, तब्येत बरी नसावी. नंतर कळलं की निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी त्यांच्या पायाखालची गाडी अजून थांबलेली नव्हती.

वर्ग संध्याकाळी सहा दहाला, रविवारी सकाळी आठ दहाला. सहाला नाही, सव्वासहाला नाही. हजेरीला ते चार्ट म्हणत आणि ती घेताना प्रत्येकाच्या तोंडाकडे असं रोखून बघत की फी भरलेली असूनही आपण उगाच खिसे चाचपावेत. बाकांवर खडूने नंबर घातलेले. नवीन माणूस आला की आधी वेटिंग, म्हणजे दाराजवळचं स्टूल. कोणी सोडून गेलं की कन्फर्म. आणि गर्दीच्या बॅचमध्ये दोघांना मिळून एक जागा द्यावी लागली की ते गंभीर चेहऱ्याने जाहीर करायचे, "तुमी दोघं आरएसी. ॲडजस्ट करा."

माझं काम ग्रामरचं होतं. शेवटची वीस मिनिटं माझी. सरांचा ग्रामरवर विश्वास नव्हता, पण ते घरात असावं असं त्यांचं मत होतं. त्यांच्या स्वतःच्या इंग्रजीत प्रत्येक वाक्य 'काइंडली'ने सुरू व्हायचं आणि 'ॲज पर रूल'ने संपायचं. मधल्या भागात काय होईल याचा नेम नसे. मी हळूच चूक दाखवली की म्हणायचे, "डब्बा रुळावरून उतरला काय? नाई ना? मंग चालू द्या." मला सुरुवातीला याचा फार त्रास व्हायचा. विद्यापीठात तिसरी आलेली मुलगी मी, आणि मी कोणाची असिस्टंट तर 'ही डोन्ट हॅविंग टिकेट' म्हणणाऱ्या माणसाची. मैत्रिणींना मी वर्गाचं नाव सांगायचे, सरांचं वर्णन करायचं टाळायचे. आज त्याची लाज वाटते, पण तेव्हा टाळायचे खरं.

माझा हा ताठा पहिल्यांदा उतरवला तो खालच्या शेठनी. हार्डवेअरचं दुकान त्यांचंच, खोलीही त्यांचीच. पंचावन्नच्या घरातले, पोट सुटलेले, अतिशय गोड माणूस. नातवाच्या शाळेत पालकांची मीटिंग इंग्रजीत होते म्हणून वर्गाला येऊन बसले. पहिलं भांडण काय आणलं, तर बायकोचं. रोज जेवताना शेठ म्हणायचे, आईच्या हाताची चव काही वेगळीच होती, आणि बायको रोज चिडायची.

नियमाप्रमाणे शेठ बायको झाले. शेठची बाजू लढवायला सरांनी एका कॉलेजच्या पोराला उभं केलं. पोरगं बिनधास्त होतं, आईच्या स्वयंपाकावर इंग्रजीत बरंच काही बोलून गेलं. शेठ कपाळाला घाम येईपर्यंत शब्द शोधत राहिले. मग एकदम हात कमरेवर ठेवून कडाडले, "युवर मदर कुकिंग फॉर यू ट्वेंटी फोर इयर्स. आय ॲम कुकिंग थर्टी वन इयर्स. हू इज सीनियर?"

पोरगं गप्प. शेठ स्वतःच तोंड उघडं ठेवून उभे. मग मराठीत हळूच म्हणाले, "बाप्पा, बरोबरच म्हणते बिचारी."

"आठ दिवस तसं वागा, शेठ. ॲज पर रूल," सर म्हणाले.

आठ दिवस शेठनी जेवताना आईचं नाव काढलं नाही. नवव्या दिवशी शेठाणीबाई स्वतः जिना चढून आल्या. नवऱ्याला काय झालं, वर कोणता बाबा बसतो, हे त्यांना पाहायचं होतं. अर्धा तास दारात उभ्या राहून पाहिलं आणि जाताना नाव घालून गेल्या. त्या वेळी बॅच भरलेली होती. त्यामुळे नवराबायकोला आरएसी मिळालं.

दुसरी गोष्ट प्रज्ञाची. प्रज्ञा सावंगीच्या दवाखान्यात नर्स होती. पवनारची मुलगी, वडील जिल्हा परिषदेत शिपाई, घरात शिकणारी पहिली तीच. तिला परदेशातल्या एका दवाखान्यात नोकरीसाठी अर्ज करायचा होता. दीड वर्ष ती ड्यूटी संपवून ऑटोने यायची आणि सात नंबरच्या बाकावर बसून भांडायची. वॉर्डातले पेशंट, त्यांचे नातेवाईक, रात्रपाळीवरून कुरकुरणाऱ्या सिनियर सिस्टर, सगळ्यांच्या बाजू तिने लढवल्या. आवाज असा खणखणीत झाला होता की खाली गिऱ्हाईक खिळे मोजायचं थांबून वर बघायचं.

मुलाखत व्हिडिओवर होती. आमच्या खोलीत नेट चांगलं चालायचं म्हणून तिथेच बसून दिली. मी आणि सर जिन्यात बसलो होतो. समोरच्या बाईंनी विचारलं, एक म्हातारा पेशंट औषध घ्यायला नकार देतो, तुम्ही काय कराल? साधा प्रश्न. उत्तर मी तिच्याकडून दहा वेळा पाठ करून घेतलेलं. आणि आमच्या बाईसाहेबांनी सवयीने पेशंटची बाजू घेतली! "काऊन घेऊ मी गोळी?" अशा थाटात इंग्रजीत सुरू झाली. पाच वाजता उठवता, टोचता, माझं नाव विचारत नाही, बेड नंबरने हाक मारता, ही गोळी कशाची ते सांगत नाही, घशात अडकते म्हणालो तर म्हणता पाणी प्या. मी घेत नाही जा.

मी कपाळावर हात मारून घेतला. सर मात्र डोळे मिटून मान डोलवत होते. मग आतून त्या बाई म्हणाल्या, "मिस, आर यू ऑल राइट?"

प्रज्ञा बाहेर आली ती रडतच. "सर, मी तर वाटच लावून आली. त्यायले वाटलं पोरगी येडी हाये."

मी सरांवर मनातून भयंकर चिडले होते. दीड वर्षाची मेहनत यांच्या त्या उलट्या पद्धतीपायी पाण्यात गेली असं मला वाटत होतं, आणि मी ते बोलूनही दाखवलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, आज आवाज मोठा हाये तुमचा," एवढंच म्हणाले.

तीन आठवड्यांनी तिला दुसऱ्या मुलाखतीचं बोलावणं आलं. त्यात त्याच बाईंनी सुरुवातीलाच विचारलं, त्या म्हाताऱ्याने शेवटी गोळी घेतली का? प्रज्ञा म्हणाली, घेतली, मी त्याचं नाव विचारलं तेव्हा. आज ती तिथे आहे आणि थंडीला शिव्या देते.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. सर स्वतः कधी भांडण आणत नसत. कोणी विचारलं तर म्हणायचे, "माह्यं भांडण कोणासंग राहीन? बायको गेली, साहेब रिटायर झाला." ते खरंही होतं. शेठ खोली रंगवायचं दोन वर्षं टाळत होते, तरी सर हसून "होईन ना" म्हणायचे. भाजीवालीने किडकी वांगी दिली तरी घेऊन यायचे. इतरांना वाघ करणारा हा माणूस स्वतः मात्र कोणाच्या वाट्याला जात नसे.

त्यांना एक मुलगी होती, बंगळुरूला. तिचा फोन वर्गाच्या मधल्या सुट्टीत यायचा. सर गॅलरीत जाऊन बोलायचे आणि आम्हाला त्यांच्याकडचं एवढंच ऐकू यायचं, "हो बेटा. बरं बेटा. पाहू ना." आत येऊन लगेच पुढचं भांडण सुरू.

एके दिवशी तिने मलाच फोन केला. नंबर सरांनीच कधीतरी देऊन ठेवला होता.

"मॅडम, बाबा तुमचं ऐकतात म्हणून तुम्हाला त्रास देते," ती म्हणाली. बोलता बोलता वर्ध्याची भाषा वर येत होती. "मी दोन वर्षांपासून म्हणून राह्यली, इथं या, माझ्याजवळ राहा. ते 'पाहू' म्हणतात. मला एकदा 'नाही' तरी म्हणावं ना त्यांनी! नाही म्हटलं तर मी भांडीन तरी. 'पाहू'संग कसं भांडू?"

मग तिने सगळं सांगितलं. नवऱ्यापासून ती वेगळी झाली होती. चार वर्षांची मुलगी. सकाळी नऊला घर सोडायची ते सातला परत, आणि पोर दिवसभर शेजारच्या पाळणाघरात. आता घर बदलायचं होतं. बाबा येणार असतील तर त्यांच्यासाठी खोली असलेलं घर, नसतील तर लहान. घरमालकाला रविवारी नक्की सांगायचं होतं. "नाही आले तर मी पुन्हा विचारणार नाही, मॅडम. मी थकली आता. एवढा निरोप द्या त्यांना."

तो सोमवार होता. मी निरोप शनिवारपर्यंत दिला नाही.

लपवून काय करू? मला सर जायला नको होते. एक तर वर्ग बंद पडला असता आणि माझं काय झालं असतं ते उघडच होतं. पण नुसतं तेवढं नव्हतं. माझे वडील मी लहान असतानाच गेले. माझा आवाज लहान आहे असं मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी सांगितलं, आणि तो मोठा होईपर्यंत वाट पाहिली, ते सरांनी. माझं त्यांच्यावर प्रेम होतं. सहा दहाला ते चौकटीला धरून उभे नाहीत असा दिवस मला सोसवत नव्हता.

शनिवारी संध्याकाळी वर्ग सुटल्यावर एकदाचं सांगितलं. सर चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "बरं. पाहू."

तो शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. "सर, हे भांडण वर्गात आणा."

"म्या?"

"नियम आहे ना? या हप्त्यातलं आहे, तुमचं आहे. उद्या सकाळच्या बॅचला आणा. तुम्ही मुलीची बाजू घ्या. तुमची बाजू मी घेते."

हे मी न्यायाने बोलले असं दिसत होतं. खरं म्हणजे मला जिंकायचं होतं. सरांना मुलीच्या बाजूने चार वाक्यं अडखळत बोलता येतील, मी त्यांची बाजू एम.ए.च्या इंग्रजीत ठणकावून मांडीन, सगळे टाळ्या वाजवतील, सर राहतील. शिवाय माझ्या मनालाही टोचणी राहणार नाही, कारण सगळं नियमाने झालेलं असेल.

रविवारी सकाळी आठ दहाच्या बॅचला सर फळ्यापुढे उभे राहिले नाहीत. ते सात नंबरच्या बाकावर जाऊन बसले. शेठ, शेठाणीबाई, बाकीचे सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. मी चौकटीजवळ उभी राहिले. पुढचं सगळं इंग्रजीत झालं, पण मी मराठीतच सांगते, कारण मला ते मराठीतच आठवतं.

सरांनी सुरुवात त्यांच्या पद्धतीने केली. "कृपया ऐका, बाबा." वर्ग हसला. सरही हसले. म्हणाले, "इकडे या. नियमाप्रमाणे तुमची एकच मुलगी आहे." पुन्हा हशा.

मी म्हणाले, "बेटा, इथे माझी चाळीस मुलं आहेत. त्यांना माझी गरज आहे."

"त्यांना इंग्रजीची गरज आहे. ते मॅडमही शिकवतील." हे म्हणताना सरांनी माझ्याकडेच बोट केलं, आणि मी तर त्या वेळी सर होते, त्यामुळे पुन्हा थोडा गोंधळ आणि हशा झाला.

"माझं सगळं आयुष्य वर्ध्यात गेलं," मी आवाज चढवला. "या वयात नवीन गाव, नवीन भाषा. तिथे मला ओळखणार कोण? इथे रस्त्याने जाताना दहा माणसं नमस्कार करतात. तिथे मी दिवसभर खिडकीत बसून राहू?"

मुद्दा चांगला होता. शेठ "करेक्ट" म्हणाले. सर थांबले. त्यांनी खाली पाहिलं. मग जे बोलायला लागले ते हळू आणि सलग, एकही 'काइंडली' न घालता.

"तुमचं आयुष्य वर्ध्यात गेलं नाही, बाबा. गाडीत गेलं. मी दहावीत शाळेत पहिली आले ते तुम्हाला भुसावळला एका गार्डाने सांगितलं. मी घरी दोन दिवस पेढे झाकून ठेवले होते. आई आजारी होती तेव्हा मी बंगळुरूहून फोन केला की तुम्ही म्हणायचे, ठेवतो, गाडी सुटते आहे. मी कधी भांडले नाही. तुम्ही ड्यूटीवर होता. आता ड्यूटी संपली. या गावातल्या प्रत्येक माणसाचं घरात काय भांडण झालं ते तुम्हाला माहीत आहे. शेठाणीबाईंना कशाचा राग येतो ते माहीत आहे. मला कशाचा येतो, ते सांगा."

कोणी हसलं नाही.

"मी संध्याकाळी घरी येते तेव्हा माझी मुलगी चपला घालून दारात बसलेली असते," सर म्हणाले. "तिला वाटतं, मी तिला कुठे तरी न्यायला आले आहे. मी फार दमलेली असते, बाबा. आता कोणती गाडी सुटते आहे तुमची?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आता माझी पाळी. आणि माझ्याजवळ उत्तर होतं. सर बोलत असतानाच ते माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं, नेमकं, धारदार, व्याकरणशुद्ध. आई आजारी होती तेव्हा तू तरी कुठे होतीस, बेटा? तूही बंगळुरूहून फोनच करत होतीस ना? एवढं म्हटलं असतं की भांडण संपलं असतं. सरांना त्यापुढे एक शब्द सुचला नसता. आपल्या मुलीच्या बाजूने तर नाहीच नाही.

मी तोंड उघडलं. समोर सात नंबरवर हा किरकोळ माणूस आपल्याच मुलीची बाजू घेऊन बसला होता, दोन्ही हात बाकावर घट्ट ठेवून, आणि त्याचे डोळे भरले होते. मी तोंड मिटलं.

"नाई सुचत?" सरांनी मराठीत विचारलं.

"नाही, सर."

"मंग झालं," असं म्हणून ते उठले. तिथेच, सगळ्यांसमोर, त्यांनी मुलीला फोन लावला. "बेटा, मोठं घर पाय," म्हणाले. तिकडून ती काय म्हणाली ते कळलं नाही, पण सर बराच वेळ नुसते "हो, हो" करत राहिले. शेठाणीबाई पदराने डोळे पुसत होत्या आणि शेठ त्यांना रडू नको म्हणत स्वतः रडत होते.

महिनाभरात ते गेले. बंगळुरूची गाडी सेवाग्रामला थांबते, तिथे सगळी बॅच पोहोचवायला गेली होती. सरांनी आमच्याकडे धड पाहिलंही नाही. त्यांच्या बर्थवर एक माणूस पसरला होता आणि त्याला उठवावं की नाही या विचारात सर असतानाच गाडी सुटली.

वर्ग आता मी चालवते. पहिले दोन महिने मला रोज सहा दहाला रडू यायचं. मग कमी झालं.

त्यांचा फोन गेल्या दिवाळीत आला. नातीचं, तिथल्या बागेचं, शेजारच्या कानडी आजोबांशी चाललेल्या इंग्रजी वादाचं सांगून झालं. मग एकदम म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी जबाब होता तुमच्याजवळ. मले दिसून राह्यला होता. काऊन नाई देल्ला?"

मी रस्त्याच्या कडेला सरकले. मग म्हणाले, "दिला असता तर तुम्ही गेले नसते, सर."

तेवढ्यात तिकडे मागून त्यांच्या मुलीचा आवाज आला, "बाबा, ताट वाढलंय, कितींदा बोलवायचं?" आणि सर फोन हातात तसाच धरून ओरडले, "बोलून राह्यलो ना मी! दोन मिन्टं थांबता नाई येत तुले?"

"तुमची दोन मिन्टं माहीत आहेत मला! काल पण असंच केलं!"

"काल भाजीत मीठ नोतं, म्हणून उशिरा आलतो!"

"मीठ नव्हतं तर सांगायचं ना तोंडाने!"

"आता सांगून राह्यलो ना!"

फोन कोणीच ठेवला नाही. मी इकडे आर्वी नाक्यावर भर गर्दीत उभी राहून त्या बापलेकीचं भांडण शेवटपर्यंत ऐकलं.